स्वतःहून दिलेला देह

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार, पावणे

आज सर्वपित्री अमावास्या. गावठाणात सकाळपासून पत्र्यांवर, गच्च्यांवर पानं ठेवलेली. शेजारच्या नानांनी वडिलांच्या नावाने पान ठेवलं, कावळा शिवला, मग ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात घडी घातलेला जुना पेपर होता. १२ सप्टेंबरला डाव्या पक्षाचे नेते सीताराम येचुरी गेले, घरच्यांनी त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला, त्याची बातमी. नानांनी ती जपून ठेवली होती.

"बाय, तुमच्या कॉलेजात पण घेतात ना असं?"

म्हटलं, घेतात. घेतात म्हणजे काय, वाट बघत असतो.

"मग माझा फॉर्म आण."

नाना सत्तरी ओलांडलेले. पावण्याची भातशेती ज्यांनी पाहिली आणि केली, अशा शेवटच्या पिढीतले. जमीन कारखान्यांत गेली, मग त्याच पट्ट्यातल्या एका रेझिनच्या कारखान्यात ते कामाला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. प्लायवूडचा गोंद बनायचा, त्यात फॉर्मॅल्डिहाइड. मी पावण्यात राहायला आले तेव्हा एकदा जिन्यात भेटल्यावर त्यांनीच विचारलं होतं, "फॉर्मॅलिनमध्ये काम करता का?" माझ्या ओढणीच्या वासावरून त्यांनी ओळखलं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या पट्ट्यात नाकाला वासांची सवय असते, पण तो एक वास नेमका ओळखणारे फार थोडे.

मी त्यांना लगेच हो म्हटलं नाही. आधी काकींशी आणि मुलांशी बोला, म्हणून सांगितलं. ते जरा नाराज होऊन उठले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

नव्या बॅचची आज शपथ झाली. अजून त्यांच्या एप्रनच्या इस्त्रीच्या घड्याही मोडलेल्या नाहीत. डिसेक्शन हॉलच्या दाराशी सगळी पोरं थबकली. फॉर्मॅलिनने डोळ्यांना पाणी येतं, त्यामुळे कोण रडतंय आणि कोणाचे डोळे नुसते चुरचुरताहेत ते कळत नाही. हॉल सांभाळणाऱ्या मामांनी एक्झॉस्ट पंखे सकाळीच लावून ठेवले होते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं, तेव्हापासून मी पंख्यांच्या बाबतीत कोणाचंही ऐकत नाही.

टेबलांवर पांढऱ्या चादरी, चादरींवर झेंडूची फुलं. पोरांनी एका सुरात शपथ घेतली: या देहाचा मान राखीन, त्याची ओळख कुठे सांगणार नाही, फोटो काढणार नाही, जे शिकेन ते रुग्णांसाठी वापरीन. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात याला रीतसर जागा मिळाली. मृतदेह हा आपला पहिला शिक्षक, असा एक धडाच त्यात आहे. माझ्या वेळी असं काही नव्हतं. आम्ही आत गेलो, सरांनी टेबल नंबर सांगितला, आणि कनिंगहॅमचं पुस्तक उघडून कापायला लागलो.

त्या टेबलावरचा माणूस मला अजून आठवतो. बेवारस होता. डाव्या हातावर मनगटाच्या वर एक नाव गोंदलेलं होतं, बाईचं. बायकोचं असेल, आईचं असेल, बहिणीचं असेल. त्या हातावर मी सहा महिने शिकले, पण ते नाव कोणाचं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही आणि विचारायला कोणी होतंही नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

रात्री झोप येईना म्हणून जुन्या वह्या काढल्या. शिकवताना इतिहासासाठी पाच मिनिटं मिळतात, आणि या विषयाचा इतिहास पाच मिनिटांत सांगणं म्हणजे त्यातल्या माणसांवर अन्याय आहे.

सुश्रुताने शारीरस्थानात पद्धत दिली आहे. सगळे अवयव शाबूत असलेला मृतदेह मुंज गवतात किंवा सालीत गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवायचा, एकांतात वाहत्या पाण्यात सोडायचा. सात रात्रींनी तो मऊ पडला की वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. सुरीचा उल्लेख नाही. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'डोळ्यांनी पाहायचा' हे. शास्त्र वाचलेल्याने प्रत्यक्षही पाहिलं पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. नंतर हा आग्रह आपल्याकडे सुटला, शतकानुशतकं सुटला. १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं तेव्हा ती धाडसाची गोष्ट ठरली. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं. पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते, १८५१ मध्ये ते पदवी घेऊन बाहेर पडले. त्या काळात या मुलांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल? आंघोळ करून घरात घेतलं असेल की तेवढ्यानेही भागलं नसेल?

आणि आनंदीबाई जोशी. कल्याणची मुलगी, पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत, साडीत, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी शरीररचना शिकत होती. १८८६ मध्ये डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात गेली. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलींना हे सांगते. कल्याण इथून किती जवळ आहे, हेही सांगते.

पण हे झालं शिकणाऱ्यांचं. ज्यांच्यावर शिकलो ते कोण होते? एडिंबरात १८२८ मध्ये बर्क आणि हेअर यांनी सोळा माणसं मारून त्यांचे मृतदेह शरीररचनेच्या शिक्षकाला विकले, तेव्हा ब्रिटनमध्ये हाहाकार झाला आणि १८३२ मध्ये कायदा आला. त्या कायद्याने खून थांबवले, पण मृतदेह आणले ते गरिबांच्या श्रमगृहांतून, दवाखान्यांतून. आपल्याकडे १९४९ चा मुंबईचा शरीररचना कायदा आहे. इस्पितळात, तुरुंगात किंवा सार्वजनिक ठिकाणी माणूस गेला आणि ठरावीक मुदतीत कोणी मागायला आलं नाही, तर तो देह शिक्षणासाठी देता येतो. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. त्याशिवाय स्वतंत्र भारतातले डॉक्टर घडलेच नसते. पण त्या टेबलांवर दशकानुदशकं कोण येत राहिलं, ते आठवून पाहावं: गाव सोडून मुंबईला आलेला मजूर, फुटपाथवरची म्हातारी, ज्याच्या घरी तार पोचलीच नाही तो. जिवंतपणी ज्यांना डॉक्टर मिळाला नाही, ते मेल्यावर डॉक्टर घडवत राहिले. त्यांना कोणी विचारलं नाही. हाडांचंही तसंच. १९८५ मध्ये बंदी येईपर्यंत कलकत्त्यातून मानवी सांगाडे जगभर जात होते. माझ्या खाटेखाली असलेल्या बोन सेटमधली मांडीची हाडं कोणाची होती, कोण जाणे. आताची पोरं प्लास्टिकचा सेट घेतात, ते बरं आहे.

म्हणून मला देहदान हवं आहे. संख्या वाढावी म्हणूनही हवं आहे, पण त्याहून जास्त म्हणजे टेबलावरच्या माणसाने 'हो' म्हटलेलं असावं म्हणून.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीचे चार दिवस हॉल बंद होता. आज पहिला छेद. उरोस्थीच्या मध्यरेषेवरून, फक्त त्वचेपुरता. पोरं हमखास खोल जातात आणि खालची चरबी, मग स्नायूचे तंतू एकदमच वर येतात. "थर ओळखा," एवढंच मी दिवसभर म्हणत होते. ब्लेड कमी वापरा, बोटं आणि बोथट फोर्सेप्स जास्त वापरा. छातीवरचा मोठा स्नायू उचलला, खालचा छोटा दिसला, तेव्हा टेबल चारवरचा एक मुलगा मोठ्याने "अरे, खरंच आहे!" म्हणाला आणि लाजला. मी त्याला लाजू दिलं नाही. पुस्तकात वाचलेली गोष्ट खरंच तिथे असते, याचा आनंद फर्स्ट इअरलाच होतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. सुट्टी. नानांची दोन्ही मुलं घरी होती. मोठा इथेच राहतो, धाकटा घणसोलीहून मतदानाला आलेला. नानांनी बोलावलं म्हणून संध्याकाळी गेले.

मोठा मुलगा सुरुवातीला माझ्याकडे बघतही नव्हता. शेवटी म्हणाला, "मॅडम, आमच्यात दहाव्याला सगळं गाव येतं. अग्नी दिला नाही तर मी काय तोंड दाखवू?" हा प्रश्न खरा आहे. देहदानाच्या सभांत वक्ते याची 'अंधश्रद्धा' म्हणून वासलात लावतात, तेव्हा मला राग येतो. बापाला खांदा देण्याची इच्छा ही अंधश्रद्धा नाही.

मी सांगितलं ते असं. देह घरी आणता येतो, सगळ्यांना दर्शन घेता येतं, हळदकुंकू, फुलं, आरती जे करायचं ते करता येतं. मग स्मशानाऐवजी गाडी कॉलेजात येते. दहावं-तेरावं घरच्यांनी ठरवायचं. पुष्कळ घरं दर्भाची प्रतिमा करून विधी करतात, काही घरं तेवढ्या पैशांत शाळेला मदत करतात. शिकून झाल्यावर जे उरतं त्याचे अंत्यसंस्कार आम्ही करतो.

काकी इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "आणि पोरं हसत नाहीत ना?"

त्यांना मी शपथेबद्दल सांगितलं. फोन हॉलबाहेर ठेवावे लागतात, हेही सांगितलं. चादर ज्या भागावर काम चालू आहे तेवढीच बाजूला होते. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, ते कळलं नाही.

मग नाना बोलले. आवाज चढवला नाही. "जमीन गेली तेव्हा माझ्या बापाला कोणी विचारलं नव्हतं. नोटीस आली, झालं. हे शरीर तेवढं माझं आहे. हे मी माझ्या मनाने देतो."

मोठा उठून बाहेर गेला. धाकट्याने मला फॉर्ममध्ये काय काय लागतं ते विचारलं.

३ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस विसरणार नाही. टेबल दोनवर दंड उघडला होता. पुस्तक सांगतं, दंडातली मोठी धमनी कोपराच्या खळगीत, रेडियसच्या मानेसमोर दुभंगते. इथे ती वर, दंडातच दुभंगली होती. एक फांदी उथळ, थेट कोपरापर्यंत कातडीखाली आलेली, जिथे आपण रक्त काढायला सुई घालतो नेमकी तिथे.

पोरांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं कापलं. मी सगळ्या टेबलांवरची पोरं बोलावली. हे वैचित्र्य दुर्मीळ नाही. हाताच्या धमन्यांमध्ये जी वैचित्र्यं दिसतात त्यांतलं हे सगळ्यात नेहमीचं. त्यांना विचारलं, या बाईच्या कोपरात कोणी शीर समजून सुई घातली असती आणि औषध धमनीत गेलं असतं तर काय झालं असतं? कोणीच बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, बोटं काळी पडली असती.

गेल्या आठवड्यात एका बैठकीत चर्चा झाली होती की मोठ्या स्क्रीनचं आभासी टेबल घेतलं तर मृतदेहांची गरज कमी होईल. इंग्लंडमधल्या काही नव्या कॉलेजांनी या शतकाच्या सुरुवातीला विच्छेदनाशिवायच शिकवायला घेतलं होतं, त्याचाही दाखला दिला गेला. स्क्रीन मलाही आवडतो. मेंदूतले रस्ते, गर्भाची वाढ, आडवे छेद त्यावर फार सुरेख दिसतात, आणि सीटी वाचायला शिकताना त्याची मदत होते. तो जरूर घ्यावा. पण स्क्रीनवरचा हात सगळ्या कॉलेजांत एकच असतो. आमच्या हॉलमध्ये हातांच्या जितक्या जोड्या, तितक्या धमन्यांच्या मांडण्या. मूत्रपिंडाला कोणाकडे एक धमनी, कोणाकडे दोन. ॲपेंडिक्स बहुतेकांत आतड्यामागे दडलेलं, कोणात खाली ओटीपोटात लोंबणारं. पित्ताशयाच्या धमनीने तर कितीतरी सर्जनना घाम फोडला आहे. डॉक्टरला पहिल्याच वर्षी हे हाताने कळायला हवं, की समोरचं शरीर पुस्तकासारखं असेलच असं नाही. हे ज्याला कळलं तो पुढे रुग्णाचं म्हणणं नीट ऐकतो, निदान ऐकण्याची शक्यता वाढते.

या बाई दात्या होत्या. त्यांनी स्वतः फॉर्म भरला होता. मी पोरांना एवढंच सांगू शकते, नाव सांगू शकत नाही. तास संपल्यावर टेबल दोनच्या पोरांनी चादर नीट ओढून घेतली, कडा सारख्या केल्या.

१५ डिसेंबर, रविवार

रात्री साडेदहाला फोन. एक निवृत्त शिक्षिका गेल्या, घरीच, वार्धक्याने. मुलगी आणि जावई देह घेऊन येत होते. नेत्रपेढीची माणसं आधी जाऊन आली होती. डोळे आणि देह दोन्ही देता येतात, हे लोकांना माहीत नसतं. मात्र इतर अवयव काढले असतील तर देह बहुधा घेता येत नाही, कारण रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात.

कागद पाहिले: डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, घरी मृत्यू म्हणून ४अ नमुन्यातला, त्यांचं आधार, मुलीचं आधार, संमती. अपघात नाही, पोलीस केस नाही, शवविच्छेदन झालेलं नाही, कावीळ-बी, एचआयव्ही, क्षय नाही. हे सगळं त्या क्षणी विचारताना वाईट वाटतं, पण विचारावंच लागतं. मुलीने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. आईने वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, म्हणाली.

मग मामा आणि मी. मांडीच्या वरच्या भागात छोटा छेद, धमनीत नळी, आणि वरच्या टाकीतून द्रव हळूहळू आत: फॉर्मॅलिन, फिनॉल, ग्लिसरीन, स्पिरिट, थोडा इओसिन. आठ-दहा लिटर. फॉर्मॅलिन प्रथिनं घट्ट करतं आणि जंतू मारतं, ग्लिसरीन ओलावा टिकवतं, फिनॉल बुरशी धरू देत नाही, इओसिनने ऊतींना थोडा रंग राहतो. उशीर झाला असता तर रक्ताच्या गुठळ्यांनी वाट अडवली असती. बोटांची टोकं घट्ट लागायला लागली तेव्हा मामा म्हणाले, "पोचलं." मामा वर्षानुवर्षं हे काम करताहेत, त्यांचं बोट माझ्यापेक्षा आधी सांगतं. मामांसारख्या माणसांचं नाव कुठल्याही पाठ्यपुस्तकात येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मुलगी बाहेर बाकावर बसून होती. निघताना तिने विचारलं, "आईच्या हातावरच शिकवतील का आधी?" बाईंनी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं होतं. म्हटलं, हो, वरचा हात पहिला असतो.

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज गावठाणातल्या देवळाच्या सभामंडपात बोलले. नानांनीच जमवाजमव केली होती. डोंबिवलीचं दधीची देहदान मंडळ वर्षानुवर्षं घरोघर जाऊन हे काम करतं, त्यांची पत्रकं मी नेली होती. नानाजी देशमुखांचं उदाहरण दिलं. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचा माणूस, २०१० मध्ये चित्रकूटला गेला आणि देह शिक्षणाला दिला. संघाचे नानाजी आणि डाव्या पक्षाचे येचुरी या एका गोष्टीत एकत्र येतात, हे ऐकून मागच्या बाकावरचे दोन म्हातारे, जे नेहमी राजकारणावरून भांडतात, एकमेकांकडे बघायला लागले.

प्रश्न खूप आले. स्वर्गात जागा मिळेल का, हा आला. पुढच्या जन्मी अवयव कमी पडतील का, हाही आला. या प्रश्नांना माझ्या शास्त्रात उत्तर नाही, आणि मी ते ओढूनताणून दिलंही नाही. एका वहिनींनी विचारलं, बाईमाणसाच्या देहावर पुरुष विद्यार्थी शिकतात का? शिकतात. पुढे त्यातलेच काही प्रसूतीतज्ज्ञ होतील, हे सांगितलं. त्यांनी फॉर्म घेतला नाही, पण पत्रक घडी करून पदरात ठेवलं.

मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. नुसता फॉर्म भरून उपयोग नाही. माणूस गेल्यावर घरचे नको म्हणाले तर कोणतंही कॉलेज देह ओढून नेत नाही, आणि नेऊ नये. म्हणून जे काही भांडायचं ते आत्ता, घरात, जेवायला बसल्यावर भांडून घ्या.

१९ जानेवारी, रविवार

नानांच्या फॉर्मवर काकींनी आज सही केली. धाकट्याने साक्षीदार म्हणून केली. मोठ्याने केली नाही. म्हणाला, "मी आडवा येणार नाही, पण सही माझ्याने होणार नाही." नानांनी ते मान्य केलं. मलाही ते प्रामाणिक वाटलं, मी आग्रह केला नाही.

पोरांचा वरचा हात संपत आलाय, पुढच्या आठवड्यात व्हायव्हा. मग पाय.

निघताना मोठाच जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "मॅडम, रात्री-बेरात्री झालं तर आधी कोणाला फोन करायचा?" मी त्याच्या मोबाइलमध्ये नंबर घालून दिले. आधी डॉक्टर, दाखल्यासाठी. मग नेत्रपेढी, सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. मग आमचा विभाग. पनवेल-उरणच्या पाहुण्यांसाठी सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्यांना थेट कॉलेजात दर्शनाला बोलवायचं. त्याने सगळं टाइप करून घेतलं आणि धाकट्यालाही पाठवलं.